‘आमची मदत’

निवृत्तीनंतर मानसिंग सर सांगोल्याहून सोलापुरात लेकीकडे राहायला आले आणि फेसबुकवर मराठी लेखनाचा गट चालवू लागले. लोक शंका विचारत, सर उत्तरं देत. शाळेत विज्ञान शिकवणारी शबाना त्यातली नेहमीची. सरांशी तिचे वाद व्हायचे, पण नीट.

मार्चमध्ये तिचे वडील मैनुद्दीन गेले. आजारपणात रक्ताची सोय गटातूनच झाली होती. तिनं लिहिलं, ‘अब्बांसाठी ज्यांनी आमची मदत केली, त्या सगळ्यांचे आभार. अब्बा गेले.’

सरांनी सवयीनं खाली लिहिलं, ‘“आम्हाला मदत केली” असं हवं. “आमची मदत” हे हिंदी वळण.’ आणि ते जेवायला उठले.

परत येऊन पाहतात तर खाली ढीगभर प्रतिक्रिया. ‘यांना मराठी येणार कुठून?’ एकानं विचारलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘उर्दूतच रडा. सर बरोबर आहेत.’

शबानाचं उत्तर एकच होतं : ‘सर, नियम तुमचा असेलही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतात, आणि तेही सोलापूरचं मराठीच आहे. यावर बोलू, पण आज नको.’

सरांनी त्या दोघांना गटातून काढलं आणि तिला फोन लावला.

“शबानाताई, अब्बांबद्दल एक अक्षर न लिहिता मी चूक काढत बसलो. माफ करा. माझी ती ओळ काढून टाकतो.”

ती म्हणाली, “त्यांच्या काढा. तुमची राहू द्या, सर. नाहीतर लोक म्हणतील, मी रडले म्हणून नियम बदलला.”

सरांनी आपल्या ओळीखाली लिहिलं, ‘माझं मत तेच आहे. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मैनुद्दीनभाईंना आदरांजली.’ ‘सर घाबरले’ म्हणत काही जण गट सोडून गेले. सरांनी कुणाला थांबवलं नाही.

मे महिन्यात शबानानं स्वतःच तो विषय काढला. घरातल्या, गल्लीतल्या बोलण्याची उदाहरणं दिली. सरांना ती पटली नाहीत. का पटली नाहीत ते त्यांनी लिहिलं, तिनं ते पुन्हा खोडून काढलं. मधेच तिनं लिहिलं, ‘सर, अम्मीला डॉक्टरकडे न्यायचंय. उरलेलं नंतर.’

‘जाऊन या,’ सरांनी लिहिलं. ‘आधी त्यांची तब्येत कळवा. वाद कुठं पळतोय?’