बयाबाईचा अंगठा

मी शाईचा एक जुना पॅड आहे, मित्रांनो. पत्र्याची चपटी डबी, आत जाड कापड आणि त्यात मुरलेली जांभळी शाई, एवढाच माझा देह. १९७१ साली मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आलो. मनाच्या आजाराचे रुग्ण जिथे तपासत, तिथे कारकून वसंतरावांच्या टेबलावर मला जागा मिळाली. ज्यांना सही येत नसे, त्यांचे अंगठे माझ्यावर टेकायचे. "रेघ न् रेघ दिसते बघा," असं वसंतराव कौतुकानं म्हणायचे आणि मी फुगून जायचो. कागदावर काय लिहिलं आहे, याची मी कधी चौकशी केली नाही. आज त्याचीच लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी आजऱ्याकडच्या एका खेड्यातून केरबा आपल्या बायकोला घेऊन आला. तिचं नाव बयाबाई. ती काजू फोडायच्या कामाला जायची. महिनाभर तिला झोप नव्हती. विहिरीतून कुणीतरी आपल्याला हाका मारतंय, असं तिला ऐकू यायचं. दोनदा तर ती विहिरीच्या काठापर्यंत गेली होती. डॉक्टर नृसिंहांनी तिला तपासून गोळी लिहून दिली. ती गोळी गरजेचीच होती, हे मी आजही सांगेन. पण बाहेर साठ माणसं ताटकळत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

वसंतरावांनी इंग्रजीत छापलेला कागद पुढे सरकवला.

"कशाचा कागुद हाय ह्यो?" बयाबाईनं विचारलं.

"औषधाला तुझी संमती आहे म्हणून. उठव अंगठा."

"कसलं औषध? त्यानं काय हुतंय?"

"झोप लागेल. चल, मागं रांग आहे."

ती थबकली. तेव्हा वसंतरावांनीच तिचा अंगठा धरून माझ्यावर दाबला आणि कागदावर टेकवला. ती हात मागे ओढत होती, ते मला कळलं होतं. तरी मी नेहमीसारखा स्वच्छ ठसा उठवून दिला.

पाचव्या दिवशी ती परत आली. तिची मान उजव्या खांद्याकडे वळून ताठ झाली होती. जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हता. दोन्ही हातांवर काळेनिळे वळ होते.

"तिसऱ्या दिशी मान अशी फिरली," केरबा रडत सांगू लागला. "चुलता म्हणला, भूत शिरलंय. देवऋष्याकडं न्हेलं. त्यानं चिंचेच्या फोकानं झोडपलं. आन् मी धरून ठिवली हुती तिला."

परिचारिका प्रमोदिनीताई धावत आल्या. "अहो, हे भूत नव्हे. त्या गोळीनं काही जणांची मान अशी ओढली जाते. एका इंजेक्शननं उतरतं."

केरबाचं रडं थांबलं. "म्हंजे तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

वसंतराव उगाच कागद सारखे करू लागले. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी ते वळ पाहिले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. "चूक माझी आहे," ते म्हणाले.

मग प्रमोदिनीताईंनी सावकाश सांगितलं, "या सुईनं मान सुटेल. तोंड कोरडं पडेल, थोडा वेळ धूसर दिसेल. टोचू का?" बयाबाईनं बराच वेळ विचार केला आणि स्वतःच बाही वर सारली. अर्ध्या तासात तिची मान सरळ झाली.

आता डोस निम्मा करायचा आणि मान धरू नये म्हणून दुसरी गोळी द्यायची, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. वसंतरावांनी नवा कागद काढला. तिनं मला हातानं बाजूला सारलं.

"आज न्हाई. घरात इचार करून सांगतो."

"अगं, पर ती हीर..." केरबा घाबरून म्हणाला. डॉक्टरांचाही चेहरा उतरला. पण त्यांनी तिला अडवलं नाही. तिला एकटी सोडू नका, एवढंच त्यांनी केरबाला बजावलं.

मित्रांनो, ते दहा दिवस मी विसरू शकत नाही. तिनं विहिरीत उडी घेतली असती, तर ते आमच्यामुळे झालं असतं. तिच्या एका साध्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं नव्हतं.

अकराव्या दिवशी ती आली. केरबानं सोबत माणूस ठेवला होता म्हणून ती वाचली होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, गोळी किती दिवस घ्यायची, काजू फोडताना हात थरथरंल का, आणि नको वाटली तर सोडता येईल का? डॉक्टरांनी सगळं सांगितलं. एका प्रश्नाला मात्र ते म्हणाले, "ते मला आत्ता सांगता येत नाही." मग तिनं आपला अंगठा माझ्यावर टेकवला. ठसा वाकडा आला. वसंतरावांनी तो कागद तसाच फाइलीत लावला.

पुढे ती कामाला जाऊ लागली. दवाखान्यात कागद मराठीत वाचून दाखवू लागले. गर्दीच्या दिवशी मात्र पुन्हा पहिल्यासारखंच व्हायचं, हे लपवून काय उपयोग? १९८३ साली माझी शाई वाळली आणि मला या कपाटात टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी मनानं आजारी पडलं, तर दवाखान्यात जरूर न्या. पण 'यानं काय होतं?' असं त्यानं विचारलं, तर त्याला उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. बयाबाई परत आली, म्हणून तिचं काय झालं ते मला कळलं. बाकी हजारो अंगठे मी उठवून दिले. त्यांतले किती जण परत आलेच नाहीत, आणि का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.