न उघडलेली अमारोने

तोक्योतल्या तोयोसुचे कावळे म्हणजे नुसते दरोडेखोर. कचऱ्यावर जाळी टाका, जाळीवर विटा ठेवा, पिशवी फाडून ते तळलेल्या कोंबडीचं हाड काढणारच. असाच एक धटिंगण उल्हासच्या दहाव्याला बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसला, मान तिरकी करून भात-वरण-तुपाकडे बघत राहिला, आणि शिवला मात्र नाही.

पुण्याहून गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. "काही इच्छा राहिली असेल. बोला, वहिनी," ते म्हणाले. वहिनी बोलेनात, तेव्हा कॉलवरचा दीर शिरीष बोलला, पुतणीचं, कस्तुरीचं शिक्षण पुरं करू. गावचं घर विकणार नाही, हेही बोलून झालं. कावळा ढिम्म. दर्भाचा कावळा करावा, तर तोक्योत दर्भ कुठून आणणार? मग शिवेपर्यंत रोज घास ठेवा, असं सांगून गुरुजींनी पुढचा कॉल घेतला.

ज्योत्स्नाला नवऱ्याची इच्छा पक्की ठाऊक होती. ती मुद्दाम गप्प राहिली होती.

ती इच्छा स्वयंपाकघरातल्या कपाटात उभी होती. अमारोनेची बाटली. उल्हासचं लहानपण तासगावला मामाकडे गेलं, बेदाण्याच्या शेडमध्ये. वर जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली आणि खाली सतरंजी टाकून हा झोपलेला. इथे बँकेच्या पार्टीत कुणीतरी त्याला ही इटालियन वाइन दिली. तिकडचे लोकही म्हणे द्राक्षं तोडली की लगेच चिरडत नाहीत. माळ्यावर पसरून महिनोन्महिने वाळवतात, अंगचं पाणी आटलं की मग त्यांची वाइन करतात. एका घोटात उल्हासचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्या दिवशी तो बाटली घेऊनच घरी आला. "एक घोट माझ्याबरोबर घे. मामाची शेड दाखवतो तुला," तो म्हणायचा. "माझ्यासमोर नको तो वास," असं म्हणून ज्योत्स्ना नाक मुरडायची. तिच्या दर वाढदिवसाला हे ठरलेलं. मग एका सकाळी तो स्टेशनच्या जिन्यावर कोसळला, आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

दहाव्यापासून मात्र तोच वास घरात होता. दुपारी कावळा कठड्यावर उतरला की स्वयंपाकघरात बेदाण्यांचा दाट, गोडसर वास सुटायचा. बाटलीचं सील शाबूत होतं. पहिल्या दिवशी तिने कपाट पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी ती तिथेच खुर्ची टाकून बसली. वास मागून यायचा आणि तिच्या मानेपाशी थांबायचा. उल्हासही असाच मागे येऊन उभा राहायचा. तिच्या अंगावर काटा यायचा, तरी सकाळपासून ती दुपारचीच वाट बघायची. इच्छा बोलली की कावळा शिवणार, आणि कावळा शिवला की उल्हास जाणार. म्हणून शिरीषचा फोन आला की ती सांगायची, "अजून काही सुचत नाही हो." लिफ्टमध्ये कावळ्यांना खायला घालू नका अशी नोटीस लागली. ती तिने निमूटपणे वाचली आणि वर येऊन कुकर लावला.

एक दिवस कस्तुरीच्या कॉलेजला सुट्टी होती आणि दुकानातली शिफ्टही नव्हती. जेवायच्या वेळी तिने कावळा पाहिला.

"आई, हा अजून खात नाही?"

"नाही."

"का पण?"

"बाबाची काहीतरी इच्छा राहिली असेल."

"मग आपण काय करायचं असतं?"

"पुरी करू, असं म्हणायचं असतं," ज्योत्स्ना बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

कस्तुरी बाल्कनीत गेली. हात जोडून, जपानी पद्धतीने कमरेत वाकून म्हणाली, "बाबा, ती वाइन ना? मी आईला पाजते." वचन द्यायचं ते तिने जपानीतच दिलं, "याकुसोकु."

"नको गं," म्हणत ज्योत्स्ना धावली. तोवर कावळ्याने टुणकन उडी मारली होती. भाताचा घास चोचीत धरून तो समोरच्या टॉवरमागे गेला.

ज्योत्स्ना स्वयंपाकघरात परतली. तिथे तुपाचा वास होता, भांड्यांच्या साबणाचा होता. बाटली उचलून तिने नाकाशी धरली, कपाटात डोकं घालून पाहिलं. तो वास कुठेच नव्हता. तिला पोटच्या पोरीचा इतका राग आला की हात उगारावासा वाटला. पण कस्तुरी डोळे पुसत, हसत, खणात ओपनर शोधत होती. तिला कोणत्या तोंडाने रागावणार?

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. पहिल्या घोटाला ज्योत्स्नाची जीभ आखडली, मग कडवटपणामागून वाळल्या द्राक्षांचा गोडवा आला. घोट तोंडात धरून ती थांबली. डोळे मिटले. शेड दिसते का, जाळ्या दिसतात का, खाली झोपलेला पोरगा दिसतो का. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. वाइन उत्तम होती, बाकी काही नव्हतं.

"बाबाला किती बरं वाटलं असेल ना?" कस्तुरी म्हणाली.

"गेला गं तुझा बाबा," ज्योत्स्ना म्हणाली, आणि ओट्याला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

कस्तुरी गोंधळून बघत राहिली. बाबाला जाऊन महिना होऊन गेला होता.