उरलेली जागा

सागा लिंदरूस आमच्या कचेरीत आली तेव्हा कॉफीचं भांडं कोण धुतं इथपासून सगळं मीच तिला दाखवलं. त्याची परतफेड म्हणून तिनं तीन आठवड्यांत माझ्याच पडद्याला हात घातला.

माझा पडदा म्हणजे संगणकावरचा, ग्रंथालयातल्या देवघेवीचा. इथे फिनलंडमध्ये तुर्कूच्या आसपास तीसेक ग्रंथालयांत तो चालतो. त्यावरचं एकेक बटण मी मोजून बसवलंय. डावीकडून चाळीस ठिपके, वरून एकशे बारा. अकरा वर्षं हेच केलं. आमचा साहेब वेइक्को पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या राइलीची नजर म्हणजे फूटपट्टी." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सागानं तोच पडदा नव्यानं बनवला, पण ती काही मोजतच नाही. ती लेआउट मॅनेजर नावाची सोय वापरते. कोण कोणाच्या शेजारी बसणार आणि खिडकी ताणली की उरलेली जागा कोणाला मिळणार, एवढंच सांगायचं. बाकीची वाटणी यंत्र करतं. वेइक्को तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिची खिडकी लहान-मोठी करत होता आणि हसत होता. माझा पडदा बघून तो अकरा वर्षांत एकदाही असा हसला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला.

"गुरुवारी गुनवोर येतेय, बेटावरच्या ग्रंथालयातून," तो म्हणाला. "दोन्ही पडदे तिला वापरू दे. तिला आवडेल तो ठेवू, दुसरा काढून टाकू."

"म्हणजे माझा."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. पण खिडकी कुणाची ताणत बसला होतास ते दिसलं मला."

बुधवारी सगळे जेवायला बाहेर गेले. मी काळा पाव आणि चीज घेऊन टेबलाशीच बसले. आमच्याकडे सगळ्यांचं काम एकाच साठ्यात असतं. कुणीही कुणाचंही उघडावं, फक्त काय बदललं त्याची नावानिशी नोंद राहते. मी सागाचा पडदा उघडला. उरलेली जागा तिनं पुस्तकांच्या यादीला दिली होती. मी ती 'परत घ्या' या बटणाला दिली. दोन आकडे इकडचे तिकडे केले, झालं. आता खिडकी ताणली की यादी होती तेवढीच राहणार आणि ते एक बटण फुगत जाणार. नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. असल्या नोंदी वाचतं कोण? उरलेला पाव मला फार गोड लागला.

गुरुवारी नेहमीप्रमाणे वाटाण्याचं सूप झालं आणि आम्ही गुनवोरला घेऊन बसलो. ती साठीची ग्रंथपाल, चष्मा गळ्यात लटकवलेला. आधी माझा पडदा लावला. तिच्या बेटावर सगळा कारभार स्वीडिशमध्ये चालतो, म्हणून तिनं बसल्या बसल्या भाषा बदलली. माझी सगळी मापं फिनिश शब्दांची. बटणांवरचे स्वीडिश शब्द अर्ध्यातच कापले गेले. एकदा स्वीडिश लावून बघावं हे मला सुचलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष सागाच्या पडद्याची वाट लावण्यात होतं.

"हे काय लिहिलंय?" गुनवोर म्हणाली.

मग सागाचा पडदा आला. स्वीडिश लावताच बटणं शब्दांच्या मापानं आपोआप रुंद झाली. गुनवोरनं खिडकी पूर्ण मोठी केली. 'परत घ्या' फुगत फुगत अर्ध्या पडद्यावर पसरलं.

"हे बटण आहे की कोठाराचं दार?" वेइक्को म्हणाला. मी खाली मान घालून ओठ दाबून धरले.

"थांबा, याला हात लावू नका," गुनवोर म्हणाली. "रोज सकाळी बाहेरच्या परतीच्या पेटीतून दीडशे पुस्तकं निघतात. दर पुस्तकाला हे बटण. चष्मा चढव, चष्मा काढ, यातच माझा जन्म चाललाय. हे मला चष्म्याशिवाय दिसतंय. हाच पडदा द्या."

माझी अकरा वर्षं तिनं तेवढ्या बोलण्यात निकालात काढली.

"पण ते बटण माझं नाही," सागा म्हणाली. "राइलीचं आहे."

मी दाराकडे बघितलं.

"काल तिनं बदललं. आज सकाळी मी नोंद वाचली. आधी वाटलं, चुकून झालं असेल, पूर्ववत करावं. मग म्हटलं, राइलीनं ग्रंथालयांसाठी इतकी वर्षं काम केलंय, तिला काहीतरी ठाऊक असणार. म्हणून तसंच ठेवलं." तिनं वही उघडली. "मला शिकून घ्यायचंय, राइली. सगळी जागा त्या एका बटणालाच का दिलीस?"

वेइक्को माझ्याकडे मोठ्या अभिमानानं बघत होता. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी दिली, एवढं म्हटलं असतं की काम भागलं असतं. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण ती पेन टेकवून बसली होती. मी जे सांगेन ते तिनं लिहून घेतलं असतं, आणि खरं मानलं असतं.

"तुझी फजिती व्हावी म्हणून," मी म्हणाले.

गुनवोर खो खो हसली. "ही आमची राइली," म्हणत वेइक्कोनं टेबलावर थाप मारली आणि तो कॉफी आणायला उठला.

सागाही हसायला लागली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक अक्षरही न लिहिता वही मिटली.