नागनाथचा पाटील

बोरी गावात पाटील करावा तर भीमनगरातल्या नागनाथनं! वीस वर्षं जयंतीच्या नाटकात त्यानं लाल फेटा बांधून मिशीवर ताव दिला की पुढं बसलेल्या बाया बोटं मोडायच्या. तसा गडी जिंतूरच्या कचेरीतला रिटायर कारकून, हळू बोलणारा. पण स्टेजवर चढला की वाघ. म्हणून सिनेमावाले गावात आले तवा फेटा काखेत मारून तो सगळ्यांच्या आधी हजर. एकदा पडद्यावर पाटील करायचा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं बायकोला सांगून निघाला होता.

त्यानं डायलॉग म्हणून दाखवला. टाळ्याच टाळ्या! डायरेक्टर पोरगी मुंबईची, गोडबोली. "काका, कमाल! पण पाटील म्हणून हे शोभतील," म्हणत तिनं बागायतदाराच्या सुग्रीवकडं बोट केलं. तो बिचारा नुसता बघायला आलेला. "तुम्ही मजूर करा. किती खरा चेहरा आहे तुमचा!"

कुणाला काय शोभतं, हे हिला एका नजरेत कसं कळलं कुणास ठाऊक. नागनाथला लय वाईट वाटलं, पण तोंडावर नकार देणं त्याला कधी जमलंच न्हाई.

मग तिनं रंगाचं समजावलं. मजुरांचे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून मातकट केलेले. कॅमेऱ्याच्या चौकटीत लाल एकच, पाटलाच्या डोक्यावरचा फेटा. नजर तिकडंच जाणार, हुकूम कुणाचा ते वेगळं सांगायला नको. तो फेटाही सुग्रीवला नागनाथनंच बांधला. दुसऱ्या कुणाला येतच नव्हता.

पण सुग्रीवला जमेना. "काका, तुमच्यावर कसा ओरडू? लाज वाटायलीय मला." सात टेक वाया गेले. शेवटी पोरगी म्हणाली, "काका, तुम्हीच शिकवा ना."

आणि शिकवलं की हो त्यानं! कलावंताची खोड, दुसरं काय? "पाय पसरून बस. माझ्याकडं बघू नको, डोक्यावरून बघ. आन् ओरडतो कशाला? पाटलाला ओरडावं लागत न्हाई."

आठव्या टेकला नागनाथ हात जोडून वाकला आणि सुग्रीव असा काही बोलला की सगळे गार.

"कट! एकदम नॅचरल!"

सुग्रीव खुर्चीतून उठला न्हाई. नागनाथच्या डोक्यावरून बघत हळूच म्हणाला, "नाग्या, पाणी आण."

सगळे खो खो हसले. नागनाथ जारपाशी गेला. ग्लास काठोकाठ भरला, तवा त्याला कळलं, कट होऊन गेलाय.