काचेबाहेरचा पाणबुड्या

"बाबा, आपल्या कारखान्यातून बाहेर सोडतो ते पाणी तुम्ही आईच्या गुलाबाला घालाल?"

"हिंमत असेल तर विचारून दाखव," अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीनं एका दमात विचारून टाकलं. बाबांचा चहाचा कप हवेतच थांबला. हे सगळं मी टेबलाच्या खणातून ऐकलं. मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे आणि तेव्हा माझ्या अंगाला सतरा स्क्रू चिकटलेले होते.

माझा जन्म भट्टीतला. बशीएवढा गोल मी, आधी एका लाउडस्पीकरच्या पोटात बसून लोकांची लांबलचक भाषणं सोसली. स्पीकर फाटला, मी भंगारात गेलो. तिथून बाबांनी मला आणलं. त्यांच्या कारखान्यात नळांना निकेलचा चकचकीत मुलामा देतात. हौदात पडलेले लोखंडी हुक मी दोरीला लटकून वर काढायचो. "आमचा पाणबुड्या!" बाबा कौतुकानं म्हणायचे. मग हौदात जाळीची टोपली आली आणि माझी रवानगी खणात झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

त्या प्रश्नानंतर भिंगरीनं मला उपसलं. निकेल चुंबकाला चिकटतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून कारखान्यातून आणलेल्या हिरवट सांडपाण्याच्या बरणीत मला थेट बुडवलं. काहीच चिकटलं नाही!

"म्हातारा झाला गं तुझा पाणबुड्या," बाबा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंगरी मला आणि बरणीला घेऊन शाळेत गेली. तिथं विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अगं, विरघळलेलं निकेल चुंबकाला दाद देत नाही. आधी त्याला कुणीतरी धरून ठेवायला हवं." त्यांनी लोहाच्या ऑक्साइडची काळी पूड दिली. तिचा एकेक कण इतका बारीक, की शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही दिसायचा नाही. भिंगरीनं पूड पाण्यात ढवळली आणि घाईघाईत मला पुन्हा आत बुडवलं. झालं! मला काळी दाढीच फुटली.

"बाहेरून, वेडाबाई!" बाई हसल्या. "काचेला टेकवून धर."

घरी येऊन तिनं आईबाबांसमोर ताज्या सांडपाण्यात नवी पूड घातली. निकेल कणाकणाला बिलगलं. मी बाहेर उभा. हळूहळू अख्खा काळा ढग माझ्या बाजूला सरकत आला आणि काचेला टेकून राहिला. कुणाला न शिवता इतकं जवळ घेता येतं, हे मला या वयात कळलं.

पाणी नितळ झालं. "घालतो की आता गुलाबाला!" बाबा उठलेच.

"थांबा हो बाबा!" भिंगरीनं बाईंनी दिलेला तपासणीचा कागद बुडवला. निकेल असलं तर तो गुलाबी होतो. तो झालाच.

बाबांनी तो कागद हातात घेतला. "इतकी वर्षं मी नितळ दिसलं की सोडत आलो..."

"अहो, तेव्हा माहीत नव्हतं," आई हळूच म्हणाली. "आता माहीत झालंय."

पुन्हा पूड, पुन्हा मी. या वेळी कागद पांढराच राहिला.

मित्रांनो, मला आपटू नका, तापवू नका. माझी ओढ कमी होते. खणात टाकून विसरू तर मुळीच नका. आणि पाण्याच्या नुसत्या रूपावर भुलू नका.

बरणी एवढीशी, सांडपाण्याची टाकी केवढी! तिथं माझ्यासारखे पन्नास भाऊ लागतील. भिंगरीनं टाकीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या कुलपाची किल्ली खिळ्यावरून काढली आणि गळ्यात अडकवली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आजपासून ही किल्ली माझ्याकडे. कागद पांढरा राहिला, तरच कुलूप उघडेल."