डायलिसिसची गरज सिद्ध करणे

विंझरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी मशीन आणायच्या आधी पुण्याहून सल्लागार आणले. सम्राटसाहेब. परवानगीसाठी पंचवार्षिक आराखडा लागतो म्हणाले. सहा महिन्यांत एकशे वीस पानं झाली. टाईप मी केली. इथली क्लार्क मीच, नूतन.

गुंजवण्याचे आनंदराव आठवड्यातून तीनदा एसटीनं पुण्याला डायलिसिसला जायचे. त्यांचा फोटो मुखपृष्ठावर होता. बैठकीलाही त्यांना मानानं बोलावलं, नेमकं डायलिसिसच्या वारी.

अर्ज जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत गेला आणि परत आला. शेरा असा: ‘गेल्या वर्षी या रुग्णालयात एकाही रुग्णाचे डायलिसिस झालेले नाही. सबब गरज सिद्ध होत नाही.’

“मशीनच न्हाई, तर हुईल कसं?” आनंदरावांनी विचारलं.

“मुद्दा बरोबर आहे,” सम्राटसाहेब म्हणाले, “पण तक्त्यात त्याला रकाना नाही.”

मग आनंदरावांनीच एसटीत भेटणारे भोर-वेल्ह्याचे अकरा रुग्ण गोळा केले आणि थेट कचेरी गाठली. मी कागद घेऊन सोबत होते.

“एवढी माणसं कशाला?” तिथले साहेब दचकले.

“गरज दावा म्हनला हुता न्हवं? आनलीय. बसायला खुर्च्या हायती का?”

खुर्च्या दोन होत्या. बाकीचे फरशीवर बसले. पंधरा दिवसांत परवानगी आली आणि आराखडा उत्तम केला म्हणून सम्राटसाहेबांना शाल मिळाली.

दोन मशीन आली. रुग्णांची यादी लावताना डॉक्टरांनी आराखड्याचं पान सत्त्याऐंशी काढलं: ज्यांना कुठेच सेवा मिळत नाही, त्यांना प्राधान्य. आनंदरावांना पुण्यात मिळत होती. त्यांचं नाव गेलं प्रतीक्षेत. ते पान मीच टाईप केलेलं.

“म्हंजी म्या पुन्याला गेलो, हीच चूक झाली म्हना की,” आनंदराव म्हणाले. पाय सुजलेले होते. मला मान वर करवेना.

दुपारी ते पान मी पुन्हा टाईप केलं: जे सर्वांत लांब प्रवास करतात, त्यांना प्राधान्य. ‘सुधारित पान’ म्हणून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली. न वाचता सही करायची शिस्त आमच्याकडे पक्की आहे.

सोमवारी आनंदराव खिडकीजवळच्या खाटेवर होते. नळ्या लावून झाल्यावर त्यांना झोप लागली. मी दोनदा उगाचच डोकावून आले.