पहिली वेलांटी

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. साबणाच्या वड्यांचं वेष्टण म्हणून जन्माला आलो. आज माझ्यासमोरच्या पाटीवर 'दुर्मिळ हस्तलिखित' असं लिहिलंय. पूर्वी मला रद्दी म्हणायचे. माणसं बदलली, मुरडलेली नाकं तीच.

माझी मालकीण लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकली. निखारे फुलून इस्त्री तापेपर्यंत ती माझ्या कोऱ्या पाठीवर लिहायची. तिचा दीर हसायचा.

"वहिनी, कवितेनं कॉलरच्या सुरकुत्या जातात का?"

"नाही भाऊजी, कपाळावरच्या जातात."

त्याला उत्तर देण्याच्या नादात तिने एकदा इस्त्री माझ्यावरच टेकवली. तो तपकिरी त्रिकोण अजून माझ्या अंगावर आहे. मला त्याची लाज वाटत नाही. त्याच्याच खाली तिच्या दोन ओळी आहेत:

दीन म्हणता आम्हाला? खुशाल म्हणा.
याच दारातून येतील आमचे दिन.

ती गेल्यावर एका संपादकाने कविता छापली. "इस्त्रीवालीला ऱ्हस्व-दीर्घ कुठलं कळायला," म्हणत त्याने छापायला उतरवलेल्या प्रतीत शेवटच्या शब्दाची पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी काढली. झालं. जिथे दिवस येणार होते, तिथे गरीब येऊन उभे राहिले. ललकारीची भीक झाली. वर कौतुक काय, तर किती करुण कविता. ती करुण कविता पाठ्यपुस्तकात गेली आणि मी काचेच्या पेटीत.

काल एक वर्ग मला बघायला आला. बाईंनी दारातच बजावलं, "हात लावायचा नाही. काचेवर श्वास सोडायचा नाही." मुलं रांगेने सरकत होती. "असा डाग माझ्या शर्टावर पण आहे," एकजण म्हणाला आणि पुढे गेला. जाड चष्म्याची एक मुलगी मात्र हलेना.

"बाई, इथे 'दिन' ऱ्हस्व आहे. पुस्तकात दीर्घ आहे."

"शाळा कुठे होती गं त्यांना. चुकलं असेल."

"मग वरच्या ओळीत 'दीन' दीर्घ कसा काय लिहिला? तुम्हीच शिकवलंत ना, दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब."

बाई वाकल्या. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांच्याच श्वासाने काच धुरकटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. पण परीक्षेत पुस्तकातलंच लिही. मार्क जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली आणि वहीत ओळ उतरवून घेतली. माझ्यासारखीच.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची रीत आहे. माझ्या मालकिणीने कुणाला विनवलं नाही, मीही विनवणार नाही. ही काच, हे कुलूप, ही थंडगार खोली तुम्हालाच लखलाभ. उद्या माझा भुगा झाला तरी होऊ दे. पण ती ओळ लिहाल तेव्हा पहिली वेलांटी काढा. दुसरी काढायला तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.